सुट्टीत वाचायचा समुद्र

माझ्या वडिलांनी जन्मात ऑफिसची टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. लखनौच्या एका संशोधन संस्थेत ते रसायनशास्त्रज्ञ होते आणि सरकारी वस्तू म्हणजे विस्तव, असं मानत. म्हणून सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे एका मे महिन्यात ते संस्थेच्या ग्रंथालयातली पुस्तकं पिशवी भरून घेऊन आले, तेव्हाच मी ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय. मी अकरा वर्षांची होते. घरात मला 'सीआयडी' म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते.

"यंदा कोकणात जायचं नाही," बाबा म्हणाले. "डॉक्टरीणबाई प्रवास नको म्हणतात. या सुट्टीत समुद्र वाचा."

आईला सातवा महिना लागला होता. दर मे महिन्यात आम्ही तिच्या माहेरी जायचो, समुद्राकाठी. या खेपेला बाळंतपणही तिकडेच व्हायचं होतं, तिकिटं काढून झाली होती. आणि डॉक्टरीणबाई आदल्याच आठवड्यात माझ्यासमोर "हाँ हाँ, जरूर जाइए" म्हणाल्या होत्या! मग आता मध्येच काय झालं?

मला जायचं होतं ते आजोबांसाठी. आईचे वडील, निवृत्त मास्तर. थंडीपासून कासविणी त्यांच्या किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालत. कुत्री-कोल्ही ती उकरायची, आणि माणसंही काही मागे नव्हती. आजोबा त्या जागेवर कोंबड्यांचं डालगं पालथं घालत, वर जांभ्याचा दगड ठेवत आणि शेजारी घोंगडी टाकून राखण करत. "मास्तर अंडी उबवतायत" म्हणून गाव हसायचं. हसू देत. उन्हाळ्यातलं शेवटचं घरटं ते माझ्यासाठी सांभाळायचे, पिल्लं पाण्यात जाताना मी बघावीत म्हणून. यंदाचंही कबूल केलं होतं.

"आजोबांना कळवलंत?" मी विचारलं.

"कळवलं," म्हणत बाबा कूलरमध्ये पाणी ओतायला उठले. कूलर काठोकाठ भरलेला होता. मीच भरला होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी पुस्तकं चाळली आणि त्यातलं एक गुपचूप कपाटावरच्या सूटकेसमागे सरकवलं. मी परीक्षेच्या निकालापेक्षा ते जास्त लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या उजव्या हाताला पट्टी. "अ‍ॅसिड सांडलं. जरा दोन-तीन दिवस देवपूजा तू कर." मी केली. मग पट्टी सुटली, आणि जेवताना मी त्यांचा हात नीट निरखून पाहिला. ओरखडासुद्धा नव्हता. अहो, अ‍ॅसिड ते, काय गुलाबपाणी होतं?

आजोबांचं दर आठवड्याला येणारं कार्डही बंद झालं. "पोस्टाची गडबड आहे," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "असेल." या "असेल"ने मला सगळ्यात जास्त धास्ती बसली. कार्डाला एक दिवस उशीर झाला तर माझी आई डाकियाभैयाला फैलावर घ्यायची. पुढे जूनमध्ये बाबा मलिहाबादहून दशहरीची अख्खी पेटी घेऊन आले. हापूसशिवाय आंबा नाही म्हणून लखनौभर भांडलेला माणूस! आजोबा आजारी आहेत आणि हे दोघं माझ्यापासून लपवतायत, याची मला खात्री पटत चालली.

दुपारी बाहेर लू, भाजून काढणारा गरम वारा, चालायची. खिडकीला खसचा, म्हणजे वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारायचं आणि वाचायचं. पुस्तकं इंग्रजी. मी मोठ्याने वाचून मराठीत सांगायची, धाकटी बहीण हिंदीत शंका काढायची, आई आडवी होऊन ऐकायची. प्रवाळ, खाडीतली झाडं, घड्याळापेक्षा इमानी भरती-ओहोटी. एका पुस्तकात समुद्रातले मासे अंडी घालायला नदीत उलटे चढतात, ते वाटेतल्या धरणाच्या भिंतीवर कसे धडकत राहतात, ते होतं. ते आईच्या मनाला फार लागलं. रात्रीच्या जेवणात ती बाबांना म्हणाली, "बघा, माशालासुद्धा बाळंतपणाला माहेरी जायचं असतं."

तिने थट्टेनेच म्हटलं होतं. बाबा अर्ध्या ताटावरून उठले.

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. दुसऱ्या दुपारी स्टूल लावून मी कपाटावरचं पुस्तक काढलं. कासवांचं निघालं. धाकटी झोपली होती. मी आईजवळ बसून वाचायला लागले, एक डोळा तिच्या चेहऱ्यावर ठेवून. अंडी कशी राखावीत, वाळूवर तारेची जाळी कशी घालावी, असं काही होतं.

"जाळी कशाला मेली? डालगं पुरतं," आई म्हणाली. मग जरा वेळाने, छताकडे बघत, "यंदा शेवटच्या घरट्यावर डालगं कुणी घातलं असेल गं?"

"आजोबांनी. दुसरं कोण घालणार?"

माझा हात घेऊन तिने आपल्या पोटावर ठेवला. आजोबा आजारी नव्हतेच, गेले होते, हे मला तेव्हा कळलं.

"आई, तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बाबांनीच. तोंडाने नाही. सासरा गेला की जावयाला तीन दिवस सुतक असतं, त्यात देवाला हात लावत नाहीत. एवढा शिकलेला माणूस, एरवी सोवळ्याओवळ्याला हसतो, आणि खोटी पट्टी बांधून बसला. नुसती पूजा उरकली असती तर मला पत्ताही लागला नसता." तिने हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. "तुझ्या मामाने ऑफिसात ट्रंककॉल केला असेल. पोटुशीला अशी बातमी सांगत नाहीत ना."

"मग तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं. आणि त्यांनी सांगितलं की मी कोसळले असते. आधी हे नीट होऊ दे." तिने पदराने माझं तोंड पुसलं. "रडायचं तर मोरीत जाऊन रड, नळ सोडून. आणि ते पुस्तक होतं तिथे ठेव."

मी तसंच केलं.

संध्याकाळी बाबा आले, घाम पुसत विचारलं, "आज काय वाचलंत?"

"गंगेतल्या डॉल्फिनचं, त्या सूंस माशाचं," आई म्हणाली. "मासा कसला, बिचारा श्वास घ्यायला वर येतो. हो की नाही गं?"

"हाँ," मी म्हणाले.

ऑगस्टमध्ये भाऊ झाला, सुखरूप. बारसं उरकल्यावर बाबांनी आईला शेजारी बसवून सगळं सांगितलं. ती ओरडून रडली, त्यांचा सदरा मुठीत धरून, जणू आत्ताच ऐकत होती. "मला जमत नव्हतं गं तुझ्यापासून लपवायला," बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते. "बरं केलंत," ती म्हणाली, "मला काही म्हणजे काही कळलं नाही." मी भावाला मांडीवर घेऊन बसले होते, मीही आत्ताच ऐकल्यासारखा चेहरा केला.