पूर्ण दात असलेला निवेदक

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे डॉक्टरेटला काय काय लागतं, हे घरी कुणाला विचारण्याची सोय नव्हती. पुण्यात नाव नोंदवलं तेव्हा विभागाच्या कारकुनानं सायक्लोस्टाइल केलेला एक कागद हातात ठेवला. मार्गदर्शकाच्या हाताखाली ठरलेल्या टर्म भरायच्या, मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषांची परीक्षा द्यायची, प्रबंधाच्या चार टाइप केलेल्या प्रती बांधून द्यायच्या आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा. दोन भाषांपैकी एक उर्दू चालली, कारण आमचा मुलूख भारतात विलीन होण्याआधीचे माझे पहिले वर्ग उर्दूतच झाले होते. जर्मन घोकून कशीबशी निभावली. मी अडलो ते त्या कागदावर नसलेल्या गोष्टीपाशी.

माझा विषय होता आमच्या गावच्या बोलीतल्या उच्चारांची व्यवस्था, आणि तिच्यावरून मांडायचा एक सिद्धान्त. मार्गदर्शक सर म्हणाले, "सिद्धान्त कितीही सुंदर असो, खालची सामग्री चोख हवी." ज्याचं बोलणं टिपून घ्यायचं त्या माणसाला आम्ही निवेदक म्हणत असू. तो कसा असावा, हे सरांनी सांगितलं आणि मी वहीत उतरवलं. वय पन्नासच्या वर, जन्म त्याच गावातला, बाहेर फार राहिलेला नको, शिकलेला नको. शेवटी ते म्हणाले, "आणि दात पूर्ण पाहिजेत. पुढचे दात पडले की काही उच्चार निसटतात. मग ते गावाचे की त्या तोंडाचे, ते कळत नाही."

दात असलेल्याजवळ सांगण्यासारखं काही नसलं तर काय करायचं, अशी एक शंका तेव्हाच मनात आली होती. मी ती विचारली नाही. आमच्या शाळेत प्रश्न मास्तर विचारत, पोरांनी विचारणं म्हणजे आगाऊपणा. पुण्यात त्यात आणखी एक भीती मिसळली होती: तोंड उघडलं की मी कुठला ते कळेल. बोलीवर प्रबंध लिहायला निघालेला मी, आपली बोली तोंडातून निसटू नये म्हणून गप्प बसत होतो.

आमचं गाव मुरुमपासून चालत दोन तासांवर. उन्हाळ्यात मी वह्या घेऊन गेलो. रानातली कामं उरकली होती आणि मारुतीच्या कट्ट्यावर माणसं सापडत होती. शेजारचे आबा मला सगळ्या नियमांत बसणारे वाटले. साठीचे, कधी शाळेत न गेलेले, मुरुमच्या बाजारापलीकडे फारसे न गेलेले. बाजारात बैल घेताना लोक त्यांनाच बोलावत. बैलाचं तोंड उघडून दोनदाती, चारदाती की सगळे दात येऊन जुळलेला, हे ते एका नजरेत सांगत. आणि स्वतः अजून सुपारी दातांनी फोडत.

मी म्हणालो, "आबा, जरा तोंड उघडता का?"

"कशाला?"

"दात बघायचेत."

कट्ट्यावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. मग एक जण म्हणाला, "आबा, आज तुमची पाळी. जुळलाव का न्हाय ते बघायलाय पोरगं."

"बघ बाबा," आबा म्हणाले. "पर शेपूट उचलून बघू नको."

सगळे हसले. मी दात मोजले. एक दाढ सोडली तर सगळे शाबूत होते. मी वहीत तशी नोंद केली.

तेवढ्यात मोठीमाय आली. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. तिचं माहेर-सासर एकाच गावात. मला बोलायला तिनंच शिकवलं असं घरात म्हणत. गावात बाई अडली की बोलावणं तिलाच यायचं. निम्म्या गावाला तिनं पहिल्यांदा हातात घेतलं होतं. पोराला जुनं बोलणं लिहून घ्यायचंय एवढं तिच्या कानावर गेलं होतं. ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती, ते मी तेव्हा पाहिलं आणि नंतर विसरलो नाही. कट्ट्याखाली उभी राहून तिनं विचारलं, "माजं कवा लिवायचं?"

तिचे पुढचे चार दात मिश्रीनं गेले होते. हसणं अजून चालूच होतं, मी त्याच सुरात म्हणालो, "तुझं न्हाय चालत, मोठीमाय. तुझे दात कुठं हायत?"

हसणं वाढलं. मोठीमाय हसली नाही. "दात व्हते तवा कोन इचारायला आलं न्हाय," ती म्हणाली आणि आल्या वाटेनं घरी गेली.

मी आबांजवळ बसलो. चार दिवस बसलो.

"आबा, लहानपणचं काही सांगा."

"काय सांगायचं. बैल राखले."

"एखादी कहाणी तरी?"

"एक राजा व्हता." एवढं बोलून आबा वाकळ झटकायला लागले.

"मग?"

"मेला असंल की आता."

सुटे शब्द विचारले की आबा स्वच्छ, टणक उच्चारत. सलग बोलणं मात्र त्यांच्याजवळ नव्हतं. सरांना किमान दहा सलग निवेदनं हवी होती. माझ्या वहीत दोन पानं भरली होती, आणि त्यातही 'व्हय' आणि 'न्हाय' जास्त.

पाचव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात बसलो होतो. मोठीमाय सुपात जोंधळे निवडत आईशी काहीबाही बोलत होती. तिचं बोलणं तसंच असायचं, एकातून दुसरं निघत जाणारं. मी वही काढली. तिनं पाहिलं.

"लिवायलास व्हय? दात न्हायत म्हनला व्हतास."

"शब्दांपुरतं लिहितो," मी म्हणालो.

"लिव," ती म्हणाली, आणि सांगत गेली.

आठ सकाळी ती सांगत होती. ओढ्याला पूर आलेला असताना पलीकडच्या वस्तीवर बाळंतपणाला कशी गेली ते. रझाकारांच्या धामधुमीत गाव रानात पळालं होतं, तेव्हा कडब्याच्या गंजीमागं एक बाई अडली. आवाज होऊ नये म्हणून मोठीमायनं तिच्या तोंडात पदराचा बोळा दिला आणि पोराला बाहेर काढलं. पोर रडलं तर सगळे सापडणार, आणि रडलं नाही तर पोर गेलं. "कुनीकडून बी रडायचंच व्हतं," ती म्हणाली. असं बोलणं मी तोवर कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

दुपारी मी त्यातले शब्द घेऊन आबांकडं जाई आणि त्यांच्याकडून म्हणवून घेई. उच्चार आबांचे, सांगणं मोठीमायचं. वहीत दोन्ही एकत्र झालं.

पुण्यात प्रबंध टाइप करायला दिला तेव्हा प्रत्येक निवेदनाखाली नाव लिहायची वेळ आली. निवेदकांच्या यादीत नाव, वय, शिक्षण आणि दात, असे रकाने होते. मी दहाही निवेदनांखाली आबांचं नाव घातलं. जिथं मोठीमाय स्वतःबद्दल बोलली होती तिथं 'एक बाई' असं केलं. उच्चार तर आबांचेच आहेत, असं मनाशी म्हटलं. सामग्री प्रामाणिकपणे गोळा केली आहे, अशा अर्थाचं एक पान प्रबंधाच्या सुरुवातीला असतं. त्यावर सही केली. सही चांगली आली.

तोंडी परीक्षेला सरांशेजारी परीक्षक म्हणून एक वयस्कर गृहस्थ बसले होते. सिद्धान्ताच्या प्रकरणांवर त्यांनी थोडंच विचारलं. मग शेवटची निवेदनं उघडून ते म्हणाले, "हे तुमचे निवेदक शेतकरी ना?"

"हो, सर."

"बाळंतिणीजवळचं इतकं बारीक त्यांना कसं माहीत?"

"घरात ऐकलेलं असेल."

"कुणाकडून, ते विचारलंत का?"

"नाही, सर."

"विचारायला हवं होतं. ती बाई सापडली असती."

सर हसून म्हणाले, "तिला बहुधा दात नसतील."

"नसू देत की," परीक्षक म्हणाले. "उच्चारांसाठी तिला घेऊ नये. निवेदनांचा वेगळा तक्ता करावा, शेऱ्याच्या रकान्यात दात नाहीत असं लिहावं. गोष्टीला दात कशाला लागतात?"

"अर्थात," सर म्हणाले. "यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

एका प्रश्नाचं काम होतं, आणि तो मी विचारला नव्हता. आताही वेळ गेली नव्हती. दोघं माझ्याकडे पाहत होते, आणि 'ती बाई सापडली आहे' एवढंच मला म्हणायचं होतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांना तो विनय वाटला असावा. पदवी द्यावी अशी शिफारस त्यांनी त्याच दुपारी केली.

प्रबंधाची माझी प्रत घेऊन मी गावी गेलो. आमच्या ओट्यावर पाच-सहा जण जमले. आबा पुढं बसले होते. "वाच की माजं," ते म्हणाले. "गोष्ट वाच."

गोष्टी सगळ्या मोठीमायच्याच होत्या. मी त्यातली सगळ्यात लहान निवडली, पण ती पुराची आणि बाळंतपणाचीच निघाली. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे म्या सांगितलं न्हाय," ते म्हणाले. "म्या कवा बाळंतपन बघितलं?"

लोक हसले. आबा हसले नाहीत. "तुज्या मोठीमायचं हाय हे. तिचं नाव कुठं हाय?"

"न्हाय, आबा."

"मंग माजं खोड."

"आता खोडता येत नाही. बाकीच्या प्रती तिकडं दिल्यात."

आबांनी वहाणा पायात घातल्या. "एकडाव बैलाचं वय चोरून इकनारा म्या बाजारात धरला व्हता," ते म्हणाले. "त्यो बी असंच म्हनला. सौदा झालाय म्हनला." आणि ते गेले. त्यांच्यामागं बाकीचेही एकेक करून उठले.

मोठीमाय आत चुलीपुढं होती. ओट्यावरचं सगळं तिला ऐकू गेलं असणार. मी आत जाऊन उभा राहिलो.

"मोठीमाय, मी सरांना पत्र लिहितो. एक पान मागनं जोडता येईल. तुझं नाव घालता येईल."

ती भाकरी थापत होती. "पत्र लिवल्यावर तुजी डिग्री ऱ्हाईल का?"

"माहीत न्हाय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मंग नको लिवू," ती म्हणाली. "लोक म्हनतील, म्हातारीनं पोराचं घालवलं."

ती पाठमोरी होती, तिचा चेहरा मला दिसला नाही. मी तिला आणखी एकदा विचारायला हवं होतं. न विचारता लिहायला तर हवंच होतं. परीक्षकांपुढं गप्प बसलो त्याचीही लाज वाटते, पण या पुढच्या गोष्टीची त्याहून जास्त वाटते: ती नको म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. "बरं," मी म्हणालो, आणि पाट ओढून जेवायला बसलो.