माहेर बंद कर

आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आज काय करायचं ते इथं पाण्याची पाळी ठरवते, माणसं नाही. अशा गावात आमच्या ह्यांनी, लेक बाळंतपणाला यायच्या ऐन आठवड्यात, घराचे सगळे पाइप खोलून ठेवले.

निमित्त एवढंच की न्हाणीघरातल्या नळाची धार बारीक होती आणि अवघडलेल्या पोरीला बादली भरेपर्यंत ताटकळावं लागू नये. प्लंबर म्हणाला दोन दिवसांत येतो. प्लंबरचे दोन दिवस आम्हाला ठाऊक आहेत, म्हणून हे स्वतःच पाना घेऊन भिडले.

कुठला तुकडा कुठं बसतो हे लक्षात राहावं म्हणून त्यांनी खडूनं खुणा केल्या. बाण काढले असते तरी भागलं असतं, पण साधं काही करतील तर ते आमचे हे कसले. "पाणी जिकडून येतं ते माहेर, जिकडं जातं ते सासर," त्यांनी मला समजावलं आणि प्रत्येक तोंडाशी 'मा' नाहीतर 'सा' लिहीत सुटले.

घोळ मग ध्यानात आला. गच्चीवरची टाकी हे चढत्या पाइपचं सासर, तर उतरत्या पाइपचं माहेर. अंगणातल्या हौदाचंही तसंच. संध्याकाळपर्यंत भिंतीवर जिकडंतिकडं माहेरं आणि सासरं झाली. सासूबाई काठी टेकत बघून गेल्या. "एका पोरीला इतकी सासरं? कुटं फेडशील रं हे पाप?" त्यांनी लेकाला विचारलं.

त्याच खुणा बघून ह्यांनी पाइप पुन्हा जोडले. पाण्याच्या दिवशीच लेकही यायची होती. सकाळी हौद भरला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आता टाकी भरली की पुढचे चार दिवस निभावले असते, नाहीतर बाळंतपणाला आलेल्या पोरीला पाणी शेजारून मागून आणायची वेळ. ह्यांनी गच्चीवरून हात केला, मी मोटार लावली.

पाणी वर गेलं, टाकी सोडून भलत्याच तोंडात शिरलं, जोड निसटला आणि सगळं गच्चीवरून अंगणात कोसळायला लागलं.

"माहेर बंद कर," हे वरून ओरडले.

अंगणातल्या भिंतीवर 'मा' लिहिलेले दोन कॉक होते. एक फिरवला, काहीच झालं नाही. दुसरा जागचा हलेना. "कुणाचं माहेर?" मी ओरडले.

"पाण्याचं. माहेर बंद कर म्हणतो ना, आत्ताच्या आत्ता."

मी वळून बघते तो फाटकात लेक उभी. एका हातात पिशवी, दुसरा पोटावर.

"मग मी परत जाऊ का?" ती म्हणाली. थट्टेतच म्हणाली असेल, पण माझ्या काळजात चर्र झालं. हे कठड्यावरून वाकले. मिशांतून पाणी निथळत होतं.

"हळू गं, घसरशील," सासूबाई दारातून म्हणाल्या.

लेकीनं पिशवी कोरड्या पायरीवर ठेवली, स्वयंपाकघरात गेली, आणि न बघता पिठाच्या डब्यामागं हात घालून मोटारीचं बटण बंद केलं. पाणी थांबलं. एवढ्या गोंधळात आम्हा तिघांपैकी एकालाही ते बटण सुचलं नव्हतं. ती लग्न होऊन गेल्यावर डबा बदलला होता, तरी तिचा हात बरोबर तिथंच गेला.

"झालं का बंद माहेर?" ह्यांनी वरून विचारलं.

"मोटार बंद झाली, बाबा. माहेर चालू आहे."

मी पदरानं डोळे पुसले. पदर आधीच चिंब होता, त्यानं काही फरक पडला नाही.