मोदक संपले म्हणून लिहिलेला अहवाल

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या कारकिर्दीचं मूल्यमापन मी केलं होतं, आणि ते खोटं होतं. आता अठ्ठ्याहत्तरी उलटली आहे. गुडघा बदलून मिळाला, मन काही बदलून मिळत नाही, म्हणून लिहितो.

बाई वेस्टमीडच्या हॉस्पिटलात डॉक्टर, वयानं माझ्या मुलीएवढ्या. अध्यक्ष झाल्यावर वर्षभरात त्यांनी तीन सुधारणा केल्या. व्हिजिटर व्हिसावर मुलांकडे आलेल्या आईवडिलांना मंडळात जेवण फुकट. भांडी पुरुषांनी घासायची. आणि गणपतीत सकाळपासून हॉलच्या किचनमध्ये मोदक वळणाऱ्या बायकांनी सगळ्यांच्या आधी जेवायचं. तोवर त्या शेवटी जेवत, म्हणजे बहुतेक वेळा नुसता मसालेभात.

पहिल्या सुधारणेला कोणी विरोध केला नाही. प्रत्येकाकडे आई नाहीतर सासू उतरलेलीच होती. दुसरीतून मी कंबरेचं कारण सांगून सुटलो. तिसरीत सापडलो. त्या गणपतीला माझा नंबर आला तेव्हा मोदकांच्या ट्रेमध्ये फक्त केळीचं पान उरलं होतं. समोर माझी बायको चौथा मोदक फोडत होती.

"अहो, बघताय काय? भात घ्या," ती म्हणाली.

पुढच्याच महिन्यात कमिटीनं या सुधारणांचा अहवाल लिहायचं काम मला दिलं. पॅरामॅटाच्या सरकारी ऑफिसात मी वीस वर्षं अहवालच लिहिले होते. नाव न घेता माणसाचा काटा कसा काढायचा, ते मला येत होतं. लिहिलं : 'सुधारणा स्तुत्य, मात्र अंमलबजावणी घाईची. सभासदांत मतभेद. ज्येष्ठांमध्ये तीव्र नाराजी.' मतभेद म्हणजे मी आणि बायको. ज्येष्ठ म्हणजे मी.

वार्षिक सभेत अहवाल वाचला गेला. बाईंनी विचारलं, "काका, ज्येष्ठ म्हणजे कोणकोण?"

"ते गोपनीय आहे," मी म्हणालो. लोक बाईंकडे बघून हसले, टाळ्या पडल्या.

तिन्ही सुधारणा रद्द झाल्या. आईवडिलांचं फुकट जेवणही गेलं, ज्याच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. बाईंनी राजीनामा दिला आणि पुन्हा मंडळाकडे फिरकल्या नाहीत. पुढच्या गणपतीत मला पाच मोदक मिळाले. मी खाल्ले. आता खोटं कशाला बोलू, छान होते.

गेल्या वर्षी गुडघ्यासाठी ॲडमिट होतो, तेव्हा बाई हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये भेटल्या. व्हीलचेअरवरून पळता येत नाही. सांगून टाकलं.

"माहीत होतं मला, काका. रिकाम्या ट्रेकडे बघणारा तुमचा चेहरा मी पाहिला होता. पण हे मला नका सांगू, सभेत सांगा."

"लोक हसतील."

"हसू दे की. मला नव्हते हसले?"

यंदाच्या सभेत उभा राहिलो. सेक्रेटरी म्हणाला, "काका, नो वरीज, जुनं झालं, सोडा ना." सोडलं नाही. केळीच्या पानासकट सगळं सांगितलं. हशा उसळला. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, काकांना एक मोदक द्या रे!" पण हसता हसता हात वर झाले आणि तिन्ही सुधारणा परत आल्या.

बाई परत आल्या नाहीत. गणपतीचं आमंत्रण मी स्वतः पाठवलं होतं. उत्तर आलं, 'शनिवारी ड्यूटी आहे.' खरंच होती का, हे विचारायचा हक्क मला नाही.

गणपतीला मोदक वळणाऱ्या बायका आधी बसल्या. मी वाढायला होतो. बायको म्हणाली, "अहो, तूप सोडा की नीट. खोकल्याचं औषध देताय का?"

सगळ्यांचं झाल्यावर ट्रेमध्ये एक फुटका मोदक उरला, सारण बाहेर आलेला. तो मी सिंकपाशी उभ्यानं खाल्ला आणि भांडी घासायला घेतली. कंबर ठणठणीत आहे आणि तेव्हाही होती, हेही अहवालात दुरुस्त करून घ्यावं.