हौसाबाईंनी खोडलेली ओळ

हौसाबाई गेल्या त्याच्या नऊ दिवस आधी मी त्यांना नगरच्या एका रुग्णालयात भेटले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन होतं. वय त्र्याऐंशी, अंगात रक्त नाही, तरी उशीला टेकून ताठ बसलेल्या. एक पोरगेलीशी नर्स संमतीचा कागद घेऊन आली आणि त्यांना ओलांडून सरळ त्यांच्या भाच्याकडे, सुधाकरकडे गेली. "काका, इथे सही करा." सुधाकरने पेन उघडलंसुद्धा. तेवढ्यात हौसाबाईंचा सुयांनी काळानिळा झालेला हात पुढे आला. "इकडं आण. पोट माझं आहे ना?" नर्स ओशाळून म्हणाली, "आजी, पद्धत आहे हो आमची." त्यावर हौसाबाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनीही माझे कान तापले...

कारण हेच वाक्य एकदा माझ्या तोंडून निघालं होतं. बहात्तरचा दुष्काळ होता, मी वीस वर्षांची होते. शेवगावच्या बाजूला एका छोट्या दवाखान्यात मला केसपेपर लिहायचं काम मिळालं होतं आणि हौसाबाई तिथल्या मुख्य सिस्टर होत्या. बाई तापट. भाकरीसुद्धा उभ्याने खायच्या. तपासायच्या खोलीत मात्र त्यांना कसलीच घाई नसे. बाईबरोबर आलेला नवरा असो, सासू असो, सख्खी आई असो, सगळ्यांना त्या बाहेरच्या बाकावर बसवत, आतून कडी लावत आणि मगच विचारत, "हं, आता तुझं सांग." गर्भपाताचा कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता. त्याआधी अडलेल्या बाया कुणाकडे जात, काय काय घालून घेत आणि कशा अवस्थेत बैलगाडीतून आमच्या दारात येत, हे त्यांनी पाहिलं होतं. दोघी त्यांच्या हातावर गेल्या होत्या. म्हणून नव्या कायद्याचं परिपत्रक त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलं, मान डोलावली आणि विसरले.

मुक्ता दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावरून आली तेव्हा पदरापर्यंत धुळीने पांढरी होती. चार लेकरं, धाकटं अजून अंगावर पिणारं, आणि पुन्हा दिवस गेलेले, बारावा आठवडा लागलेला. "बाई, ह्ये मला नगं. माज्यात आता जीव न्हाई ऱ्हायला." हौसाबाई त्या दिवशी लसी टोचायला बाहेरगावी गेल्या होत्या. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचे फॉर्म भरून भरून माझ्या हाताला वळण पडलेलं, आणि त्या फॉर्मवर नवऱ्याच्या सहीची ओळ असायचीच. नव्या कायद्याचे फॉर्म अजून आले नव्हते, म्हणून मी तोच काढला, वर 'गर्भपात' असं लिहिलं, मुक्ताचं नाव घातलं आणि मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "मालकांचा अंगठा घेऊन या, मग बघू." ती फॉर्मकडे बघत म्हणाली, "त्येंचा कशाला?" मी म्हणाले, "पद्धत आहे." ती गेली. मी पुढचा केसपेपर ओढला.

संध्याकाळी हौसाबाईंनी तो अर्धवट फॉर्म पाहिला. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "कुसुम, तू तिचं काम नाही केलंस. तिच्या घरी तिची चुगली केलीस." डॉक्टरीणबाई नगरहून दर गुरुवारी येत, आणि उद्या गुरुवार होता. तो चुकला तर पुढच्या गुरुवारी बारा आठवडे उलटणार. मग कायद्याने दोन डॉक्टरांचं मत लागणार, आणि आमच्याकडे डॉक्टर एकच. त्यानंतर मुक्तासाठी एकच वाट उरत होती, काडी घालणाऱ्या बाईची.

उजाडताच आम्ही दोघी चालत निघालो. तीन मैल हौसाबाई माझ्यापुढे झपाझप चालत होत्या. मुक्ता कामावर नव्हती. नवऱ्याने तिला घरीच ठेवली होती आणि सासू उंबऱ्यावर बसली होती. मुक्ताचा एक गाल सुजलेला मला लांबूनही दिसला. नवरा पुढे झाला. "पोट माज्या बायकूचं, मंजी माजंच. तुमचा काय संबंद?" हौसाबाई म्हणाल्या, "मंग दिवसभर खडी तुमी फोडा, लेकराला तुमीच पाजा, आन् कळाबी तुमीच सोसा." शेजारपाजारचे गोळा झाले. एक म्हातारा काठी आपटत पापाचं काहीतरी बोलू लागला. हौसाबाईंनी तिकडे बघितलंही नाही. "मला तिच्याशी बोलायचंय. एकटीशी." सासू म्हणाली, "आमच्यादेखत बोला की." "तुमच्यादेखत ती कवा बोललीया का?"

त्या आत गेल्या आणि कडी लावली. बाहेर नवरा येरझाऱ्या घालत होता, आणि मी फॉर्म छातीशी धरून उभी होते. आत ती "ठेवते" म्हणाली तर? या माणसाने दार फोडलं तर? आत काय झालं ते हौसाबाईंनी मला पुढे सांगितलं. त्या तिला म्हणाल्या होत्या, "ठेवायचं असंल तर मी आल्या पावली जाते, आन् बाळंतपणाला मीच येते. तुला काय पायजे तेवढंच सांग." हे मुक्ताला आजवर कुणी विचारलंच नव्हतं...

दार उघडलं. धाकट्याला कडेवर घेऊन मुक्ता बाहेर आली. नवरा म्हणाला, "उंबरा वलांडलास तर ही तिन्ही पोरं इसर." तिचा पाय थबकला. मग ती पोरांकडे बघत म्हणाली, "ती जगावी म्हनूनच चालले." आणि ती चालू लागली.

दवाखान्यात हौसाबाईंनी माझ्या हातातला फॉर्म घेतला, नवऱ्याच्या सहीच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि शाईचं पॅड पुढे केलं. अडाणी माणसाचा अंगठा आपण धरून उठवायचा, ही आमची सवय. मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "सोड. तिचा ती उठवील."

मुक्ता वाचली. पण सात महिने तिला तिन्ही पोरांचं तोंड दिसलं नाही. ती बेलापूरजवळ माहेरी राहिली. मग नवराच न्यायला आला आणि ती गेली. बरं झालं की वाईट, मला आजही सांगता येत नाही. ते सात महिने माझ्यामुळे, एवढं सांगता येतं. मी हौसाबाईंपुढे रडले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यापुढं कशाला रडतेस? पुढची आली की कडी लाव." पुढची महिनाभरात आलीच. त्या वेळी सासूच सुनेचं पोट पाडून घ्यायला घेऊन आली होती. कडी लागल्यावर सून म्हणाली, मला हवंय. हौसाबाईंनी सासूला बाकावरून तशीच परत पाठवली. लोक त्यांना पोटं पाडणारी म्हणत. म्हणोत बापडे. बाईच्या देहाचा निर्णय बाईचा, मग तो कुठलाही असो, एवढंच त्या धरून होत्या, आणि मी ते त्यांच्याकडून शिकले, उशिरा.

ऑपरेशननंतर त्या उठल्या नाहीत. तेराव्याला गेले तेव्हा सुधाकरने रुग्णालयातून आलेली पिशवी माझ्यासमोर ठेवली: चष्मा, कंगवा, कागद. "मावशीने त्या दिवशी मला सही करूच दिली नाही," तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला. मी संमतीचा कागद उघडला. खाली त्यांची सही होती. तिच्या वरच्या ओळीवर 'नातेवाईकाची सही' असं छापलेलं होतं आणि त्यावर पेनाने आडवी रेघ मारलेली होती. रेघ वाकडी गेली होती, पण शेवटपर्यंत गेली होती.