धारेवरून खाली, नणंदेसोबत

माझा नवरा गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेने मला हिमालयात नेलं. ती त्याच्याहून बरीच मोठी. आयुष्यभर ढाणकीकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर एकटीच राहत होती. भावाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आली ती महागावला माझ्याकडेच थांबली. राहा असं मी म्हटलं नव्हतं, आणि राहते असं तिनंही सांगितलं नव्हतं. एक दिवस तिची कपड्यांची पेटी आली एवढंच.

मी शाळेत शिकवते. सकाळी मी शाळेत जायची, ती स्वयंपाक करायची. संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात बसून बाजारभावापासून शेजारणीच्या गुडघ्यांपर्यंत सगळं बोलायचो. त्याच्याबद्दल तेवढं बोलत नव्हतो. मी कधी विषय काढला की ती उठून कपडे वाळत घालायला जायची, कपडे कोरडे असले तरी. पुढं पुढं मीही काढेनाशी झाले. ज्या माणसामुळे आम्ही एकमेकींच्या कोणी होतो, त्याचं नावच घरातून गेलं.

ट्रेकचं तिनंच काढलं. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेले फोटो दाखवत म्हणाली, "पाय. गाईड असते, तंबू असते, जेवण असते. आपण फक्त पाठीवर आपली बॅग घेऊन चालाचं."

"चालाले हिमालय कायले पाहिजे ताई? इथी काय रस्ते कमी आहेत?"

"इथी लोक विचारतात," ती म्हणाली.

ते खरं होतं. महागावात मी भाजी घ्यायला निघाले तरी कुणीतरी हात धरून विचारायचं, आता कशी आहेस. उत्तर दिलं तर डोळे पुसायचे, नाही दिलं तर बघत राहायचे.

मग आम्ही तयारीला लागलो. बॅगेत वजनासाठी तुरीची डाळ भरून पहाटे गावामागच्या टेकडीवर चढायचो. सागाची वाळलेली पानं पायाखाली इतकी वाजायची की बोलायची गरज पडायची नाही. शेताकडे निघालेले लोक थांबून बघायचे. नणंद सगळ्यांना एकच सांगायची, "डॉक्टरनं सांगतलं."

नागपूरहून दिल्ली, तिथून बसने डोंगरात. आमच्या तुकडीत बहुतेक तरुण नोकरदार होते. मुख्य गाईड चाळिशीचा, तिथल्याच खोऱ्यातला, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी बांज आणि बुरांस या तिकडच्या झाडांच्या जंगलातून चढलो, नंतर झाडं संपली आणि उघडं गवताळ पठार लागलं. त्याच्यावर धार.

धार म्हणजे डोंगराचा कणा. तिथं पोचल्यावर मी काही वेळ उभीच राहिले. आमच्याकडे उभं राहिलं की चहूकडे जमीन असते, काळी, सपाट, कापसाची नाहीतर सोयाबीनची. इथं बैलगाडी कशीबशी जाईल एवढीच वाट, आणि दोन्ही बाजूंनी जमीन खाली निघून गेलेली. समोर बर्फाची शिखरं. मला भीती वाटली, आणि भीतीखाली एक हलकेपणाही होता. इथं माझ्याकडे दयेनं बघणारं कुणी नव्हतं. त्या डोंगरांना माझं काही पडलेलं नव्हतं. नणंद माझ्या पुढं चालत होती, वॉर्डातून फेरी मारावी तशी, पाठ ताठ ठेवून.

ट्रेकमधली सगळ्यात उंच खिंड ओलांडायच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं नाश्ता केला नाही.

"काहून वं ताई?"

"झोप नाई झाली. होते असं."

मी विश्वास ठेवला. आजारपणातलं माझ्यापेक्षा तिला कळायचं. नंतर लक्षात आलं की डोकं दुखत होतं ते तिनं आदल्या दिवसापासून लपवलं होतं. आपण थांबलो तर ही पण थांबेल, हे तिला ठाऊक होतं.

धारेवर थोडं अंतर गेलो असू. तिची पावलं वाकडी पडू लागली. एकदा ती कडेकडे झुकली आणि गाईडनं झटकन तिचा दंड धरला. त्यानं तिला दगडावर बसवलं, बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. मग उभं करून टाचेला पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. ती दुसऱ्याच पावलाला पडली. मी सावरलं तर माझ्याकडे बघून हसली, लहान मुलगी हसते तशी.

गाईडनं औषध दिलं, ऑक्सिजन लावला आणि म्हणाला, "नीचे जाना है. अभी." तुकडी दुसऱ्या गाईडबरोबर पुढं जाणार होती. मला म्हणाला, "आप जा सकती हैं. इनको मैं ले जाऊँगा."

मी म्हटलं, मी हिच्यासोबत येते. त्यानं मान हलवली, तिची बॅग स्वतःच्या छातीवर घेतली, दोर तिच्या आणि स्वतःच्या कमरेला बांधला आणि आम्ही उतरू लागलो. उतरताना तिला बोलतं ठेवा, झोपू देऊ नका, असं त्यानं मला बजावलं.

थोडं खाली आल्यावर तीच बोलली. "त्याले फोन कर. म्हणाव, आम्हाले उशीर होईन, तू जेवून घे."

"कोणाले?"

"कोणाले काय? तुह्या नवऱ्याले."

मी थबकले, तिचा दंड माझ्या हातात होता म्हणून तीही थांबली. दोर ताणला गेला म्हणून गाईडनं मागं वळून पाहिलं. मी त्याला पुढं चला अशी खूण केली.

"करते," मी म्हटलं.

"भाजी झाकून ठेवली आहे म्हणाव. थो गरम नाई करत. तसाच थंड खाते आन मंग पोट धरून बसते."

हे अगदी खरं होतं. मी ते विसरले होते. कितीदा भांडले होते मी त्यावरून, आणि सगळं कसं पुसून गेलं होतं. आजारच बोलतो आहे हे मला कळत होतं. पण तिला बोलतं ठेवायला मला सांगितलेलं होतं. मी त्या परवानगीवर तुटून पडले.

"आणखी काय सांगू त्याले?"

"पंखा बंद करून झोप म्हणाव. लहानपणापासून सर्दी होते त्याले. नाल्याले पूर असला की मी पाठीवर घेऊन शाळेत नेवो, तरी शिंकतच राहे. मास्तर मले म्हणत, तुह्या भावाले घरीच ठेव."

"मंग?"

"मंग काय. रडे थो. घरी राहाचं नाई म्हणे."

मी विचारत गेले, ती सांगत गेली. मास्तरांच्या सायकलवरून पडला ते, पहिल्या पगारात हिला साडी आणली आणि रंग आवडला का हे विचारायला धजला नाही ते. तिच्या बोलण्यात तो आत्ता घरी होता, आमची वाट बघत होता. एका हातानं मी तिला सावरत होते, दुसऱ्या हातानं काठी टेकत होते, आणि मनात एक भयंकर गोष्ट आली: थोडं सावकाश उतरावं. हे सुचलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली. मी पाऊल उचललं, उलट जास्तच लवकर.

झाडं दिसू लागली तशी तिची वाक्यं तुटक होत गेली. बऱ्याच वेळानं तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "आपण खाली काहून चाललो?"

ती परत आली होती. मला आनंद झाला, फार झाला. त्याच क्षणी तो मात्र दुसऱ्यांदा गेला. मी बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली बसले आणि थोडा वेळ उठले नाही. गाईड तिला घेऊन हळूहळू पुढं चालत राहिला.

पायथ्याच्या गावात डॉक्टरांनी तिला तपासलं. मेंदूला सूज येत होती, वेळेवर उतरलात, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही मुक्कामाच्या घराच्या ओसरीवर उन्हात बसलो होतो. तिच्या हातात चहा होता.

"मी वरती काही बोलली काय?"

"पाणी मागत होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रोग्याचे नातेवाईक काय लपवतात हे ओळखण्यात तिचा जन्म गेला होता.

"डोक्यात सूज आली की माणूस काहीबाही बोलते," ती म्हणाली. "काय बोलली थे सांग."

मी सगळं सांगितलं. फोन, भाजी, पंखा, नाला, साडी. ती ऐकत राहिली. चहावर साय धरली. मला वाटलं आता उठून आत जाईल, पण तिथं वाळत घालायला कपडेही नव्हते.

"साडी हिरवी होती," शेवटी ती म्हणाली. "मले हिरवा रंग आवडत नाई. त्याले कधी सांगतलं नाई मी." आणि मग ती रडली. त्याच्या मरणानंतर मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

परतीच्या गाडीत आम्ही त्याच्याबद्दलच बोलत होतो. तिला त्याचं लहानपण ठाऊक, मला संसार. तिनं एक सांगावं, मी एक. समोरच्या सीटवर वर्ध्याला उतरणारी एक बाई होती. तिनं बराच वेळ ऐकलं आणि हसून विचारलं, "घरी एकटेच ठेवून आल्या वाटते त्यांना?"

मी काही म्हणायच्या आत नणंद बोलली.

"नाई बाई. वारला थो. माहा भाऊ होता, हिचा नवरा."

ती बाई ओशाळली. नणंद तिला म्हणाली, "असू द्या, तुमाले काय माहीत," आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हं, मंग काय म्हणे थो?"

मी पुढचं सांगू लागले.