डॅशबोर्डामागचा टाक

खरं सांगायचं तर तेव्हा माझी देवावर फारशी श्रद्धा नव्हती. वाईच्या माहेरी देवळं दाराशी होती, पण मी हात जोडायचे ते सवयीने. लग्नानंतर मेढ्याला आले आणि सासूबाईंसाठी, आमच्या आत्याबाईंसाठी, पूजा करू लागले. त्यांनी सारा भार खंडोबावर टाकलेला. आमच्या ह्यांचा भार मात्र जीपच्या काट्यांवर. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून ती जुनी जीप त्यांनी आणली होती, आणि काटा सांगेल ते खरं मानायचं, असं पलटणीत शिकून आले होते. मायलेक सारखेच हट्टी, असं मी दोघांनाही चिडवायचे.

त्या दसऱ्याला जीप धुतली, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याबाईंच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी आतड्याला पीळ पडल्याचं सांगितलं. आजच्या आज मिरजेला नेऊन ऑपरेशन केलं तरच वाचतील, म्हणाले. ह्यांनी पेट्रोलचा काटा पाहिला. टाकी भरलेली. धाकट्या दिरांनी सणाला भरून ठेवली असेल असं धरून आम्ही निघालो.

कराड मागे पडलं आणि जीप आचके देत थांबली. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ह्यांनी प्लग पुसले, कार्ब्युरेटर खोलला. पेट्रोलचा संशय त्यांना शिवलाही नाही, कारण काटा अजून भरल्या खुणेवरच होता. शेवटी मीच म्हटलं, अहो, एकदा टाकीत बघा तरी. रागारागाने त्यांनी सीट उचलली आणि बांधावरची एक काठी खालच्या टाकीत घातली. ती कोरडी निघाली.

मग डॅशबोर्डामागे हात घालून ते वायरी चाचपू लागले. हाताला लागला तो लाल नाड्याने बांधलेला, खंडोबाची प्रतिमा उठवलेला चांदीचा छोटा टाक. तो काट्याच्या वायरीला आणि पत्र्याला एकदमच टेकला होता. टाक सोडवताच काटा घसरत रिकाम्यावर आला. हे ओरडणार तेवढ्यात मागून क्षीण आवाज आला, "म्याच बांदला बाबा, दसऱ्याला. तू लय लांब लांब जातूस. म्हनलं, देव संगं आसावा."

 टाक माझ्या हातात देऊन हे रस्त्याच्या कडेला बसले आणि रडू लागले. पलटणीतून आलेला माणूस असा रडताना मी कधी पाहिला नव्हता. पेट्रोल रेशनवर, मागायचं तरी कुणाकडे? मी मूठ घट्ट मिटली. देवा, मला तुझी भक्ती येत नाही, मी मनात म्हटलं, पण ह्या बाईने मला लेकीसारखं सांभाळलंय. आता तूच बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून काही मागितलं.

थोड्या वेळाने सांगलीकडून एक ट्रक आला. ड्रायव्हरच्या कपाळभर भंडारा होता. पालीला खंडोबाच्या दर्शनाला निघालो, म्हणाला. आत्याबाईंकडे एकदा पाहून त्याने ट्रकवरचा पेट्रोलचा डबा उतरवला आणि सगळा आमच्या टाकीत ओतला. ह्यांनी नाव विचारलं तर म्हणाला, "नाव ऱ्हाऊ द्या. म्हातारीला न्या आदी." तो पुन्हा कधी भेटला नाही. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं आणि आत्याबाई वाचल्या.

हमरस्त्यावर ट्रक येणारच, असं कुणी म्हणेल. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की काटा भरलेला दिसत होता तोवर मी देवाला हाकच मारली नव्हती. आपल्याकडे काही उरलं नाही हे उघड झालं, तेव्हाच माझा भार खाली ठेवता आला. आजही त्या अनोळखी माणसाची आठवण आली की डोळे भरून येतात.

टाक परत देव्हाऱ्यात गेला. आत्याबाई पुढे बरीच वर्षं जगल्या, आणि जीप घेऊन निघण्याआधी हे टाकीत काठी घालत तेव्हा हळूहळू अंगणात येत. "दाव रं, वली हाय का?" काठी ओली निघाली की त्या आधी तिला हात जोडायच्या, मग पालीच्या दिशेला. आणि त्यांच्यामागे उभी राहून मीसुद्धा.