हळदीच्या वड्यांचं पीठ

आमच्याकडे लग्नाच्या हळदीला तांदळाचे वडे लागतातच. मटण कोणीही शिजवतं, पण वड्यांचं पीठ मळायला बाई बोलावून आणतात. गावात तो मान माझ्या धाकट्या जावेचा. मी मोठी सून, तरी सासूबाईंनी हयात असतानाच तो तिला देऊन टाकला. म्हणाल्या, "तुझा हात कोरडा हाय." हात कोरडा म्हणजे काय, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

माझ्या मुलीच्या हळदीलाही आदल्या रात्री पीठ तिनेच मळलं. मुलीनेच हट्ट धरला, "काकीच्याच हातचे वडे पायजेत मना." मी कांदे चिरत बसले.

थंडी होती. पहाटे जाऊ माझ्या दारात उभी. "बाय, पीठ फुगून उठलंच न्हाय गं!"

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पण दुपारी माणसं जेवायला येणार होती, आणि लग्न माझ्या पोरीचं होतं. पातेल्यावर ओलं फडकं घट्ट बांधलं आणि ते उचलून घरामागच्या आमच्या कापडाच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये नेलं. रात्रपाळी चालू होती, मोटारींनी आत चांगली ऊब होती, कापसाचे तंतूही उडत होते.

कारागीर ओरडला, "भाभी, रुई गिरेगी!"

"गिरने दो. कपड़ा बांधा है."

ऊन अंगणात येईपर्यंत पीठ फडक्याला टेकलं. वडे टम्म फुगले. बायका बोटं चाटत जावेला म्हणाल्या, "काय हात हाय गं तुझा!" ती नुसती हसली. शेडचं नाव काढलं नाही.

तेवढ्यात शेजारीण तिला म्हणाली, "पुढच्या महिन्यात आमच्या पोराची हळद. पीठ मळायला तूच ये."

"येईन की. थंडी असली तर पातेलं हिच्या शेडमध्ये ठेवू."

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या शेडमध्ये माझ्याच हातचं पीठ येईल."

"मग दोघी या ना," कोणीतरी म्हणालं.

"पातेलं एकच असतं," मी म्हणाले.

शेजारीण माझ्याकडे बघत राहिली, मग कढईकडे. जावेने झाऱ्याने एक वडा उलटला.

"राहू दे तुझी शेड," शेजारीण मला म्हणाली. "पातेलं आमच्या चुलीपाशी ठेवू. पण पीठ हिच्याच हातचं."

जाऊ मान खाली घालून पुढचा वडा थापायला लागली. तिच्या बोटांखाली पीठ कसं सरसर पसरत होतं, ते मी बघत बसले.